मधला म

गर्गे तोंडात सुपारी धरून बोलायचे,
त्यामुळे अमेरिका आमच्यापर्यंत
थोडी बोबडीच पोचली.

"अमेरिकेत एक संपादक होता, बरं का जाचक..."
हे दर गुरुवारी, मी फर्मा आवळत असताना.
जेल रोडच्या मागे भाड्याची खोली, एक ट्रेडल,
साप्ताहिक 'निमित्त', वर्गणीदार सहाशे बारा,
त्यातले चाळीसेक वारलेले, तरी पैसे यायचे.

तो संपादक जाहिरातवाल्याला जिना दाखवायचा.
तो सख्ख्या मेव्हण्याची बातमीही सोडायचा नाही.
त्याचं यंत्र जमावानं नदीत फेकलं,
त्यानं दुसरं आणलं. तेही फेकलं.
तिसरं आणलं.
मी म्हणालो, आपल्या खान नदीत टाकलं
तर बुडायचंसुद्धा नाही, पाणी कुठंय?
गर्गे हसले नाहीत.
"वेलांटी सरकलीय," म्हणाले, "नीट लाव."

मग गिरणीत बॉयलर फुटला.
गिरणी म्हणाली, पाच.
एम. वाय.च्या शवागारातला पोऱ्या म्हणाला,
"अकरा झाले भिया, अजून मोजून राहिलोय."

गिरणीची जाहिरात आमच्याकडे अर्धं पान, कायमची.
गर्गेंचा अग्रलेख जुळवून तयार, साडेतीन गॅल्या.
त्यांनी तो उभ्यानं वाचला, चष्मा पुसला.
"फार चांगला झालाय. सोड."
साडेतीन गॅल्यांचं शिसं
मी रात्री एकपर्यंत परत खणाखणांत पेरत होतो.

पहिल्या पानावर नुसती नावं.
चोवीस पॉइंट, काळा.
मुन्नालाल. रामरतन. इमामबक्ष. मोरे श्रीराम.
एकट्या मोहम्मद उमरनं तीन म खाल्ले,
शिवाय एक अर्धा.
अकराव्या नावाशी खण रिकामा.
आमच्या नावाचा ब्लॉक नव्हता, परवडला नाही,
'निमित्त' त्याच खिळ्यांत जुळवलेलं.
गर्गेंनी चिमट्यानं त्यातला म उचलला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
त्या अंकात वेलांटी पोकळीवर छत्री धरून उभी होती.
"अमेरिकेत एकानं असंच केलं होतं," म्हणाले.

मंगळवारी बाई आली, अंक पदरात गुंडाळलेला.
"मांगीलाल नव्हे, माणकलाल.
मांगीलाल माझा दीर.
तो काय, बाहेर सायकल धरून उभा आहे."

जुळवताना चूक माझी झाली होती.
पुढच्या अंकात तेच पान, तीच जागा,
एकच नाव, चोवीस पॉइंट.
चूक दारात झाली, जाचक,
माफी परसात मागायची?
शेवटचं अर्धं पान तोवर मोकळं झालं होतं,
तिथं गर्गेबाईंच्या कैरीच्या लोणच्याची जाहिरात.
आम्ही आणखी चौदा महिने निघालो.

गर्गे गेल्यावर कुमुदिनीनं पुस्तक आणून दिलं:
"बाबांची अमेरिका. तुम्हीच ठेवा."
तिथल्या वर्तमानपत्रांचा जाडजूड इतिहास.
पहिली चौसष्ट पानं सुपारीच्या डागांची,
पुढची कापलेलीच नव्हती.
आणि चौसष्ट पानांत जहाजांच्या वेळा आहेत,
तंबाखूचे भाव आहेत,
जिना नाही, मेव्हणा नाही,
एकही यंत्र नदीत पडत नाही.

मी सुरी घेतली.
वर्षभर लागलं. जन्मभर अक्षरं उलटी वाचलेला माणूस,
त्यात इंग्रजी.
आतून पुष्कळ संपादक निघाले:
खपासाठी लढाईला फुंकर घालणारे,
खोटं रंगीत छापणारे, काही सरळ,
बरेचसे सकाळी सरळ.
दोनशे सतराव्या पानावर एक यंत्र खरंच नदीत पडलं.
मी तिथे बराच वेळ थांबलो.
ते गर्गेंना कुठून कळलं होतं?

म काढून देणारा मात्र कुठेच नाही.
सूचीतही पाहिलं, दोनदा.
शेवटचं पान कोरं होतं.
पेन्सिलीनं लिहिलं: शुद्धिपत्र.
खाली: गर्गे, इंदूर.
म लागला नाही.